मोरीतली बायको

आता चहा मागवलाच हाये, त सांगूनच टाकतो. फक्त मंधात कोणी हासाचं नाई. मी नोयतो हासलो.

झालं असं का मले नोकरी लागली देवळीले, बी-बियाण्याच्या दुकानात. घरचे सारे तिकडं जाम गावाले. रोजचं येणं-जाणं जमत नोयतं, मंग रूम पाहाले निंगालो. एकट्या पोरानं रूम मांगून पाहा एकदा. लोक असे पाह्यते, जसा मी त्यायचं घर उचलूनच नेणार हावो. चार घरी नाई म्हणलं. पाचव्या घरी एक काकू ओसरीत तुरीची दाळ निवडत बसली होती.

"फॅमिली हाये काय?" काकूनं इचारलं.

आता तोंड सरळ ठेवून काहीबी बोलाची मले लहानपणापासून सवय. म्हणलं, "हाये न. बायको माहेरी गेली. येते आठ दिवसात."

रूम भेटली. आठ दिवस बी झाले. आता आणू कोणाले?

"सून नाई आली काय अजून?"

"आली न काकू. कालच दुपारी आली."

"मले नाई दिसली."

"लाजते."

तिथंच फसलो. कारण का लाजणाऱ्या बाईचा बी आवाज येतेच न. भांडे वाजते, बांगड्या वाजते. माया रूमात त इतकं सामसूम, का भिंतीवरची पाल चुकचुकली तरी बरं वाटे. कोणीतरी बोललं.

आता टोटीचं आयका. मोरीतली टोटी गळत होती. वरच्या टाकीचं पाणी, वायसर गेलतं, दिवसभर थेंब-थेंब. एका रविवारी जेवलो आन ताट उपडं करून तिच्याखाली ठेवलं.

टण. टण. टण.

भिंतीच्या तिकून काकूचा आवाज आला, "सूनबाई, भांडे झाले काय वं?"

मी गुपचूप. टोटी म्हणे, टण.

"बोलत नाई, पण पोरगी कामाची हाये," काकू शेजारणीले सांगून राह्यली होती.

मंग काय, मायं रोजचं ठरलं. समोरच्या दाराले आतून कडी लावाची, मागच्या दारानं निंगाचं, तिकडं बारकं कुलूप. जाच्या आधी ताट टोटीखाली. समोरून पाहणाऱ्याले वाटे, आत बाई हाये आन कामात हाये. तिसऱ्या दिवशी काकूनं वांग्याची भाजी पाठोली, दोघायची. दोघायची मीच खाल्ली. घर सोडल्यापासून पहिल्यांदा कोणाच्या हातचं गरम भेटलं. त्या भाजीनं मायं तोंड बंद केलं. खरं सांगतलं असतं त रूम बी गेली असती आन भाजी बी.

नळाले पाणी आमच्याकडं दर चौथ्या दिवशी येते. काकूनं एकदा टोकलं, "टाकी लवकर खाली होऊन राह्यली. तिले सांगजो, हे देवळी हाये, माहेर नाई."

"सांगतो काकू."

आन सांगतलं बी. टण, म्हणे.

हासू नका म्हणलं न.

दिवसभर दुकानात बोंडअळीच्या दवाईवर बोलून संध्याकाळी घरी आलो का कुलूप उघडाच्या आधी जरासा कान देऊन उभा राहो. टण. हाये घरी. मंग मोरीच्या उंबऱ्यावर बसून तिले सांगो, आज कोण गिऱ्हाईक आलतं, मालक काऊन तणतणला. मायं वाक्य संपलं का बराबर टण. मंधात बोलणं नाई, मोबाईल पाहणं नाई. इतकं ध्यान देऊन मायं कोणीच आयकलं नोयतं. गंमत म्हणून सुरू केलतं मी हे. गंमत कोणत्या दिवशी संपली, थे मले सांगता नाई येत.

एक दिवस सकाळी उठलो त घर मुकं. टाकी खाली झालती. टोटी थोडी फिरवली, काई नाई. अजून फिरवली, काई नाई. रुसली, म्हणलं. पुरी उघडून पाह्यली, तरी गप्प. तिले तसंच सोडून मी दुकानात गेलो.

दुपारी नळ आले. काकूनं मोटर लावली, टाकी भरली, आन आमची ते पुऱ्या जोरात बोलाले लागली. त्या जोरानं ताट सरकलं आन मोरीच्या भोकावर झाकणासारखं बसलं. पाणी रूमात, रूमातून दाराखालून, पायऱ्या उतरून गल्लीत. चौथ्या दिवसाचं पाणी गल्लीत. सारे लोक बकेटा घेऊन धावले.

पण दारापाशी येऊन थांबले. दाराले आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाई. काकूचा मले फोन आला.

"बाबू, लवकर ये. सून दार उघडून नाई राह्यली."

खरं बोलाले याच्यापेक्षा चांगला टाइम कोणता? आन मी काय बोललो पाहा.

"झोपली असन."

"घोट्याइतकं पाणी हाये बाबू, दाराखालून लोंढा येऊन राह्यला. आन झोपली असन?"

सायकल काढली. घरी आलो त दार तुटलेलं. गल्लीतला पलंबर गजूभाऊ पान्यानं कडी तोडून आत गेलता. एक जण खाटेखाली पाहून राह्यला होता, एक जण वर चढून टाकीत बॅटरी मारून. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. काकूचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालतं.

"खरं सांग बाबू. पोरगी कुठी हाये?"

ते ओलं लुगडं पाह्यलं आन जिंदगीत पहिल्यांदा मले तोंड सरळ ठेवता नाई आलं.

"काकू, पोरगी नाईच. कधीच नोयती. थे टोटी होती."

मोरीतून गजूभाऊ काढलेली टोटी हातात घेऊन बाहेर आला. माह्याकडं पाह्यलं, टोटीकडं पाह्यलं.

"हे हाये काय?"

"हो."

"वायसर गेलतं हिचं," म्हणे.

आता तुम्हाले वाटन, काकूनं सामान बाहेर फेकलं असन. फेकलं असतं त बरं झालं असतं. काकूनं मायं आयकलंच नाई.

"टोटी भांडे घासते काय? मी या कानानं आयकलं. बिचारी मागच्या दारानं निंगून गेली." मंग माया खांद्यावर हात ठेवून म्हणे, "आपलंच काई चुकलं असन बाबू. राह्य तू इथीच."

मागच्या दाराले बाहेरून कुलूप होतं, हे मी चारदा सांगतलं. चारही वेळा तिनं मान हालवली, जशी तापातल्या माणसापुढं हालवते.

रूम राह्यली. भाजी बी येते, पण आता एकाचीच. गजूभाऊनं नवी टोटी बसवली. एक थेंब पडत नाई. संध्याकाळी मी अजून बी कुलपापाशी जरासा थांबतो. गजूभाऊचं काम पक्कं हाये.

मागच्या महिन्यात घरच्यायनं आंजी गावची पोरगी दाखोली. खरीखुरी. चांगली बोलली बी माह्याशी. मले वाटलं, चाला, आता जमलं. तिच्या मामानं देवळीत येऊन काकूजवळ चौकशी केली, आन दुसऱ्या दिवशी माया बाबाले फोन केला.

"पोरगा शांत हाये जी, नोकरी बी हाये. पण पहिलीले म्हणे मोरीतून उठूच देत नोयता."