तेवीस घरांतलं भांडण

शेषराव बोंद्रे यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं कारकुनी केली आणि त्या काळात जे जे लिहिलं, त्याखाली सही दुसऱ्याची झाली. मसुदा शेषरावांचा, सही साहेबांची. म्हणून निवृत्त होऊन स्मृति नगरात स्थिरावल्यावर त्यांना एकच ध्यास लागला होता. काहीतरी छापून यावं आणि वर नाव आपलं असावं. अर्ध्या पानाचंही चालेल.

संधी घरी चालून आली. त्यांचे जुने सहकारी भाऊराव यांची मुलगी सीमा एका कॉलेजात शिकवते. तिनं 'घरातली भाषा' या विषयावर चर्चासत्र ठरवलं आणि म्हणाली, "काका, तुम्हीही निबंध द्या, आम्ही छापणार आहोत. कोणत्याही भाषेत चालेल."

शेषरावांनी विषय काढला तोही असा, की त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी कपाळावर हात मारला. भिलाईतली मराठी माणसं भांडतात कोणत्या भाषेत?

आराखडा एका दुपारीत तयार झाला. ते तर त्यांच्या हातचं काम. १, १.१, १.१ (क), समास सोडलेले, शीर्षकांखाली दुहेरी रेघ. शेवटी ५.० निष्कर्ष : राग आला की माणूस मातृभाषेत येतो.

"निष्कर्ष आधीच?" सीमा हसली.

"फाइल उघडतानाच शेवट ठरलेला असते, बेटा."

तिनं 'छान, पुढे न्या' असं लिहून सही केली. तिला वाटलं आपण कौतुक केलं. शेषरावांना वाटलं मंजुरी मिळाली.

मग त्यांनी आराखड्याचा चौदा रकान्यांचा फॉर्म केला, पावर हाउसच्या बाजारात जाऊन प्रती काढल्या आणि स्मृति नगर ते कोहका अशी तेवीस मराठी घरं गाठली. भांडणाचा विषय, वेळ, कालावधी, भाषा. आठवड्यानं तेवीसच्या तेवीस फॉर्म परत आले. सगळ्यांवर एकच मजकूर. आमच्याकडे भांडण होत नाही.

"आता काय लिहिता?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"निरंक."

"बाप्पा! फॉर्मवर कोणी भांडते काय जी? जाऊन बसा लोकायकडे. चहा प्या, चूप बसा."

शेषराव बसू लागले. कोहक्यात रेल्वेतले देवराव चहा ओतत म्हणाले, "खरंच सांगतो भाऊ, आमच्यात वाद होतच नाही." स्वयंपाकघरातून रमाबाईंचा आवाज आला, "कावून खोटं बोलून राहिले? परवा कूलरवरून काय झालं होतं?" देवराव म्हणाले, "ते भांडण नव्हतं." आणि इथे रमाबाई बाहेर आल्या. "भांडण नहीं था? पूरे मोहल्ले ने सुना, और इनको भांडण नहीं था!" "तो चिल्लाया कौन? मैं?" देवरावांनी कप आपटला. शेषरावांची पेन्सिल अशी धावत होती की टोक मोडलं. दहा मिनिटांनी रमाबाई गुरगुरत म्हणाल्या, "पोहे घेता काय थोडेसे?" देवराव म्हणाले, "टाक. मिरची कमी टाकजो."

तेविसातल्या सतरा घरांत हेच. सुरुवात मराठीत, पारा चढला की हिंदी, आणि खाण्यापिण्यापाशी आले की पुन्हा मराठी. मातृभाषा रागात येत नव्हती, राग उतरताना येत होती. हे कुतूहलाचं प्रकरण शेषरावांना झोपू देईना. ते भाजीवाल्यापाशी थांबून जोडप्यांकडे कान लावू लागले.

पण ५.०? त्यावर तर सही होती! मंजूर झालेली टिप्पणी बदलायची कशी? त्यांनी चौतीस वर्षांच्या अनुभवातून मार्ग काढला. निष्कर्ष तोच ठेवायचा आणि सतरा घरं परिशिष्टात, बारीक अक्षरात.

निबंध धाडायच्या दिवशी सकाळी सत्यभामाबाईंनी तो वाचला.

"हे तर उलटं लिहिलं तुम्ही. सतरा घरं एक सांगतात, तुम्ही दुसरंच."

"मंजूर आहे ते."

"पण नाव कोणाचं आहे वर?"

शेषरावांनी पाहिलं. ठळक अक्षरात होतं : शेषराव बोंद्रे. आजवर मसुद्यातली चूक साहेबांच्या सहीखाली जायची. ही चूक मात्र छापून येऊन त्यांच्याच नावावर बसणार होती.

त्यांनी सीमाला फोन लावला. "बेटा, पाच पॉइंट शून्यमध्ये दुरुस्तीची परवानगी पाहिजे."

"काका, परवानगी कसली? आराखडा बदलण्यासाठीच असतो! फक्त चार वाजायच्या आत पाठवा."

"बदलण्यासाठी असतो," शेषराव बायकोला म्हणाले, "हे मले कोणी चौतीस वर्षांत सांगितलं नाही!"

दुपारभर ते खुर्चीत बसले. परिशिष्टातली सतरा घरं वर आली, त्यांच्यासाठी आराखड्यात नसलेला ४.५ जन्माला आला, देवरावांचे पोहे नाव न घेता आत गेले. निष्कर्षाची ओळ खोडली. नवी लिहिताना सवयीनं आलं, 'असे निदर्शनास आले आहे की'. तेही खोडलं. राग हिंदीत का जातो, पोहे मराठीत का येतात? लोकांना कारण विचारलं तर लोक हसले होते. ऑफिसात असल्या जागी 'वरिष्ठांकडे विचाराधीन' लिहीत. इथे वरिष्ठ कोण?

चारला सात मिनिटं कमी असताना त्यांनी शेवटचं वाक्य टाइप केलं : 'असे का होते, हे मला अजून कळलेले नाही.'

मग नावावर एकदा बोट फिरवलं आणि निबंध पाठवून दिला.