मासोळी आणि तीन शस्त्रं

आमच्या घरातली पुरुषमंडळी चाकू घेतल्याशिवाय बाहेर पडत नसत. किल्ल्या विसरत, चष्मा विसरत, एकदा तर नवरा मला शहागंजच्या बाजारात विसरून एकटाच घरी आला, पण त्याच्या खिशातला चाकू जागच्या जागी होता.

सासऱ्यांचा चाकू सगळ्यात जुना. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर बाजार पुन्हा नीट भरायला लागला, तेव्हा देवगाव रंगारीहून बैलगाडीनं येऊन त्यांनी तो शहागंजातून घेतला होता. शिसवी मूठ, आणि दगडावर घासून घासून बोटभर उरलेलं पातं. त्यानं ते ऊस सोलत, बैलाचा दोर कापत, पायातला काटा काढत आणि त्याच पात्यावरून आम्हाला पेरूची फोड देत. नवऱ्याचा चाकू फॉरेनचा. त्यात कात्री होती, बाटली उघडायचं होतं, दात कोरायची काडी होती आणि एक वाकडा आकडा होता, तो कशासाठी हे त्यालाही माहीत नव्हतं. धाकट्या दिराचा पितळी मुठीचा, बटण दाबलं की खट्कन उघडणारा. धार दाखवायला तो स्वतःच्या डाव्या हातावरचे केस काढायचा. त्यामुळे त्याचा एक हात कायम गुळगुळीत असे.

तिघं एकत्र असले, की रोज जेवणं झाल्यावर आपापले चाकू काढून बसायचे. कुणाचा सरस, यावरून सुतळी कापायची, कागद कापायचा, मी भाजीला आणलेली काकडी कापायची. निकाल कधीच लागला नाही. काकड्या मात्र संपल्या.

चाकू माझ्याकडेही होता. मी शाळेत चित्रकला शिकवायची, पेन्सिलींना टोक करायला तो पर्समध्ये असायचा. लाल प्लास्टिकचा, माशाच्या आकाराचा, मिटला की मासोळीच. वर्गातल्या सगळ्या पेन्सिली त्यानं तासल्या होत्या. पण घरात त्याला किंमत शून्य.

एका वर्षी सासूसासरे दसऱ्याला गावाहून आमच्याकडे शहरात आले. खंडेनवमीला सासऱ्यांनी पाटावर लाल कापड घातलं आणि फर्मान काढलं, "पातं म्हून जे जे घरात हाय, ते समदं हितं आणा. पूजा झाली की उद्याच्या शिलंगणापत्तुर कुनी हात लावायचा नाय." तिन्ही चाकू उघडून मांडले. विळी आली, कात्री आली, दाढीचं ब्लेड आलं, नेलकटरसुद्धा आलं. मीही पर्समधून मासोळी काढून पाटावर ठेवली.

सासऱ्यांनी ती दोन बोटांत धरून उचलली. "सूनबाई, ह्यो चाकू हाय का मासा हाय? ही शस्त्राची पूजा हाय. मासोळी न्या आत." नवरा हसला, दीर तर पाटावर पडायचाच बाकी होता. मला भयंकर राग आला. ज्या पाटावर नेलकटर बसतं, तिथं माझा चाकू बसत नाही? मी तो पर्समध्ये कोंबला आणि रात्रीच्या भाजीत मीठ जरा सढळ हातानं टाकलं.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी नवा पायजमा घालून बघितला. जन्मभर धोतर नेसलेला माणूस. शिलंगणाला स्कूटरच्या चाकात धोतर जायला नको म्हणून नवऱ्यानं त्यांच्यासाठी तो शिवून आणला होता. नाडीची सुरगाठ त्यांना ठाऊक नव्हती. बैल बांधतात तशी निरगाठ मारली आणि तसेच झोपले.

दसऱ्याच्या सकाळी उठून त्यांनी नेहमीप्रमाणे तांब्याभर पाणी प्यायलं, वर दोन कप चहा घेतला आणि न्हाणीकडे गेले. गेले तसे परत आले.

"आगं, सुटंना की ही नाडी!"

सासूबाईंनी गाठीत केसांतला आकडा घालून पाहिला, आकडा वाकला. पायजमा तसाच खाली ओढावा, तर तो पोटावरून हलेना. दीर गुडघ्यांवर बसला आणि गाठ दातांत धरून ओढू लागला. नेमके तेव्हाच शेजारचे काका आमचं पातेलं परत करायला आले. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि पातेल्यासकट परत गेले.

"दादा, एक चाकू उचलू द्या," नवरा वडिलांना म्हणाला.

"नेम मीच सांगायचा अन् मीच मोडायचा व्हय?" सासरे आता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मग त्यांनाच युक्ती सुचली. "चाकू उचलायचा नाय. पन नाडी चाकूपाशी न्यायला कुनाची बंदी हाय?"

असं म्हणून ते पाटासमोर पालथे झाले आणि नाडी पात्यावर घासू लागले. इतकी वर्षं न लागलेला निकाल आता लागणार, म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे. त्यांचा स्वतःचा चाकू धरायला कुणी नसल्यानं पाटावर गोल फिरला. फॉरेनचं पातं हळूच आपोआप मिटलं. पितळी चाकूच्या बटणावर पोट दाबलं गेलं, तो खट्कन वाजला आणि सासरे वयाच्या मानानं फारच चपळाईनं मागे उडाले. पायजमाभर हळद-कुंकू, गळ्यात पाटावरची झेंडूची माळ.

"आता नाय ऱ्हावत रं," ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होते. पण तो सूर ऐकला आणि मला त्यांची दया आली. मी पर्स घेऊन आले, मासोळी उघडली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. चाकू हातात द्यायचा नसतो, भांडण होतं म्हणतात. भांडण आधीच झालेलं होतं, तरी रीत ती रीत.

"मामंजी, याची पूजा झालेली नाही. चालेल का?" मी विचारलं. आणि राहवलं नाही म्हणून, "पण हा चाकू आहे का मासा आहे?"

"चाकू हाय, बाई! लई मोठा चाकू हाय!" असं ओरडत, तो उचलून ते न्हाणीत पळाले. आतून कच् आवाज आला आणि मग बराच वेळ नुसतं "आहा".

त्या दिवशी ते सुतळी बांधलेला पायजमा घालून स्कूटरवरून शिलंगणाला गेले. सुतळी मासोळीनंच कापली.

पुढच्या खंडेनवमीला पाट मांडल्यावर सासऱ्यांनी मला हाक मारली. तिन्ही चाकूंच्या मधोमध त्यांनी जागा सोडलेली होती. मला इतका आनंद झाला, की हात न पुसताच मी मासोळी घेऊन धावले. पाटावर ठेवणार, तोच त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी घाईनं पायजम्याची नाडी चाचपली आणि माझा हात मागं सारला.

"नको सूनबाई, ही पर्समंदीच असू दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घरात एक तरी चाकू पायजे की."