मला वाटलं, चादर आहे

नव्या साडीची घडी मोडायचा मान कुणाला द्यायचा, यावरून आपल्याकडे घराघरांत रुसवेफुगवे होतात. धाकट्या जावेला द्यायचा, नणंदेला द्यायचा, की आईला. मी ज्या दुकानात अकरा वर्षं साड्या दाखवल्या, तिथे हा मान जिना चढून वर येईल त्याला फुकट मिळायचा. दिवसाला शेकड्याने घड्या मोडायच्या आणि त्यातल्या पाचदहा साड्या घरी गेल्या तर दिवस बरा गेला म्हणायचं. बाकीच्यांची घडी संध्याकाळपर्यंत आम्ही घालत बसायचो. मनगटं भरून यायची.

दुकान डोंबिवली पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. खाली जिन्याच्या तोंडाशी, रस्त्याकडे बघत, काचेत तीन पुतळे. वर सगळं जुन्या पद्धतीचं: भिंतीलगत फळ्या, समोर मोठा आरसा आणि मधे लांबच्या लांब गादी. गादीवर पांढरी चादर, रोज सकाळी बदललेली. गिऱ्हाईक चपला काढून गादीच्या कडेला टेकतं, आम्ही समोर मांडी घालून बसतो आणि उलगडत राहतो.

लोक दुसऱ्याच्या वस्तूला कसा हात लावतात, ते बघायचं असेल तर अशा गादीवर एक महिना बसावं. काठाची जर खरी आहे का बघायला नखाने खरवडणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. धावत्या पोराला पकडून, हाताला लागेल त्या काठाने त्याचं नाक पुसणाऱ्या बघितल्या आहेत. साडी अंगावर लावून पंधरा फोटो काढायचे, मानेचा पावडर-घाम पदराला सोडायचा आणि "घरी विचारून सांगते" म्हणून निघून जायचं, हे तर रोजचं. एका गृहस्थाने रेशीम अस्सल आहे का ते बघायला पदराचा धागा उपटला, जिन्यात जाऊन लायटरने जाळला, वास घेतला आणि परत येऊन मला समाधानाने सांगितलं, "असली आहे हं." घेतली मात्र नाही. एका बाईने काचेतल्या पुतळ्याच्या निऱ्या ओढून बघताना त्याचा हातच काढला. तो हात तिने हळूच खाली टेकवला, वर आली, माझ्यासमोर बसली आणि तासभर साड्या बघितल्या. हाताबद्दल अवाक्षर नाही. हीच माणसं स्वतःच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून ठेवतात.

आणि आम्ही काही बोलायचं नाही. मालकांचा तो पहिला नियम. गिऱ्हाइकाला "हात लावू नका" म्हणायचं नाही. फार झालं तर हसून म्हणायचं, "राहू द्या ताई, मी घालते घडी." अकरा वर्षं मी मूग गिळले. पुढे पुढे तर त्यांची चवही लागेनाशी झाली.

या सगळ्यात सर्वांत जास्त हाल पांढऱ्या साडीचे. पांढरा माल मळतो म्हणून मालक तो भरायचेच कमी, आणि भरलेला ठेवायचे सगळ्यांत खालच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. लाल-हिरव्यांच्या भिंती उभ्या, आणि पांढऱ्या तीन. मी बौद्ध आहे. आमच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, मीही नेसले. दिव्याहून, शहाडहून मायलेकी दुकानात यायच्या, आधी इकडेतिकडे बघायच्या आणि मग औषधाच्या दुकानात काहीतरी मागावं तशा हळू आवाजात विचारायच्या, "पांढऱ्यात काय आहे का?" मी खालच्या फळीशी वाकायचे आणि तीन साड्या काढायचे. तीनच. मला लाज वाटायची आणि रागही यायचा.

मी बौद्ध आहे हे मालकांना माहीत होतं, कागदपत्रं त्यांच्याकडे होती. गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं नाव, आडनाव नाही. माझ्या बोलण्यावरून नेहमीच्या बायकांनी ठरवून टाकलं होतं की मी "आपल्यातली". मी खोटं कधी बोलले नाही. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, एवढंच. त्याचं मला तेव्हा फारसं काही वाटायचं नाही. पगार मिळायचा, मान मिळायचा, हळदीकुंकवाची बोलावणीसुद्धा यायची.

दोन वर्षं मागे लागले तेव्हा गेल्या लग्नसराईत मालकांनी एक पांढरी साडी काचेत लावू दिली. शुभ्र रेशीम, बोटभर निळा काठ आणि काठाच्या वर जरीची एकच बारीक रेघ. मी स्वतः पुतळ्याला नेसवली. निऱ्या अशा बसवल्या की जाणारा-येणारा थांबायचा. काही बायका वर येऊन नाक मुरडायच्या, "अगं बाई, भर लग्नसराईत पांढरी कशाला लावलीत?" मी हसायचे. आज मला त्या बायकांपेक्षा माझ्या त्या हसण्याचा राग जास्त येतो, पण ते नंतरचं.

त्याच लग्नसराईत एका शुक्रवारी दुपारी दोघी मायलेकी आल्या, दिव्याहून. मुलगी ठाण्याला एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. लग्न रविवारी.

"ऑनलाइन मागवलेली," आई सांगायला लागली, "पण आली ती नुसती मच्छरदाणी. आरपार दिसतंय सगळं."

"मी मावशीला पत्रिका द्यायला आलेले ना, तेव्हाच ही काचेतली बघितलेली," मुलगी म्हणाली. "तीच दाखवा. दुसरी नको."

मी खाली जाऊन पुतळ्यावरून साडी उतरवली, वर आणून गादीवर उलगडली. आईने आधी स्वतःच्या पदराला दोन्ही हात पुसले, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनही. मग फक्त बोटांच्या मागच्या बाजूने साडीला हात लावून बघितला. अकरा वर्षांत असं करणारी मला दुसरी कुणी आठवत नाही. मुलीने पदर खांद्यावर घेतला, आरशात बघितलं आणि नुसता श्वास सोडला. मला राहवलं नाही. मी तिच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, "मीपण अशीच नेसलेले. आमचंही लग्न विहारातच झालं." तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसली.

साडी ठरली. तशी दुसरी दुकानात नव्हती. दोघी ब्लाउजचं कापड बघायला आरशासमोरच्या कोपऱ्यात गेल्या. साडी गादीवर तशीच पसरलेली राहिली. मी घडी घालायला हात पुढे केला आणि तेवढ्यात आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या.

या बाई म्हणजे मालकांच्या लाडक्या. वर्षाला चार लग्नं निघायची त्यांच्या घरात. बोलणं स्वच्छ, आवाज गोड. पर्स ठेवली, "हुश्श, काय हा जिना!" म्हणाल्या आणि बसल्या. त्या पांढऱ्या साडीवर.

मी बघितलं. बसताना बघितलं, बसल्यावर बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं तर काय सांगायचं? ही साडी आहे म्हटलं की विचारणार, पांढरी? कुणाची? मग तो सगळा विषय निघणार. मनात म्हटलं, पैठण्यांचा ढीग पलीकडे मांडते, तिकडे सरकतील आणि मी अलगद साडी ओढून घेईन. तेवढ्यात मालकांनी चहा मागवला. कागदी कप मीच बाईंच्या हातात दिला.

त्या सरकल्या नाहीत. उलट बूड रेटून नीट बसल्या. मोरपिशी पैठणीचा पदर बघायला पुढे वाकल्या आणि चहा सांडला. "अरेच्चा," म्हणाल्या, आणि बाजूला पडलेला पांढरा पदर उचलून त्याने आधी हात पुसले, मग पर्स पुसली, मग तो बोळा करून सांडलेल्या चहावर दाबला. दाबून फिरवला. जमिनीवर फडकं फिरवतात तसा.

"काही नाही," मला दिलासा दिला, "चादरच आहे. धुवायला जाईलच."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. त्या गादीवर मी हजारो बायकांना "बसा" म्हटलं असेल. दुसरा शब्द तिथे मी कधी वापरलाच नव्हता.

"उठा," मी म्हटलं.

"काय?"

"उठा म्हटलं. साडी आहे ती."

त्या उठल्या. खाली बघितलं. निळा काठ दिसला. "अगं बाई! मला वाटलं, चादर आहे!" आणि हसल्या. खरंच हसल्या, एखाद्या गमतीला हसावं तशा. तोवर मायलेकी धावत आल्या होत्या. त्यांच्याकडे एक नजर टाकून बाई माझ्याजवळ झुकल्या आणि आपल्या माणसाशी बोलावं तशा कुजबुजल्या, "पण पांढरी अशी पसरून कशाला ठेवायची हो? त्यांच्यात नेसतात म्हणे लग्नात. आपल्याला काय माहीत?"

"त्यांच्यात नाही," मी म्हटलं, आणि कुजबुजून नाही, दुकानभर ऐकू जाईल असं म्हटलं. "आमच्यात. मी नेसलेय माझ्या लग्नात."

बाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि मायेने म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून वाटत नाही हो अजिबात."

शिवी दिली असती तर मी झेलली असती. हे तिने कौतुक म्हणून दिलं होतं आणि मी ते घेऊन "थँक यू" म्हणावं अशी तिची अपेक्षा होती. मी हात झटकून काढून घेतला.

आणि तेवढ्यात, माझ्या रागाला कुठे ठेवू असं झालेलं असताना, त्या मुलीची आई पुढे झाली. त्या बाईला म्हणाली, "असू द्या ताई. आमचीच चूक. आम्हीच उघडी टाकून गेलो."

"आई!" मुलगी ओरडली. "तू कशाला सॉरी बोलतेस? पुसलं त्यांनी, आणि सॉरी तू?"

आईने मान खाली घातली. मालक गल्ल्यावरून उठून आले, आधी बाईंना म्हणाले, "तुम्ही बसा ना, इकडे बसा," आणि मग माझ्याकडे कसं बघितलं, ते सांगायला नको. मी पदर घेऊन मोरीत पळाले. गार पाण्याने टिपलं, पावडर लावली, फुंकरा मारल्या. दुधाचा चहा आणि रेशीम, जाणार कसला? डाग फिकट झाला आणि पसरला. पदराच्या ऐन मधोमध, लग्नाच्या प्रत्येक फोटोत यावा असा. मालकांनी त्यांच्या माजिवड्याच्या दुसऱ्या दुकानात फोन लावला. तिथे एक मोतिया रंगाची होती, बिनकाठाची.

"पांढरीच धरा," मालक म्हणाले.

"मोतिया म्हणजे पांढरी नाही," मुलगी म्हणाली.

बाईंनी दोन पैठण्या घेतल्या. मालकांनी पिशवी स्वतःच्या हाताने जिन्यापर्यंत नेऊन दिली. परत आल्यावर मला म्हणाले, "म्हणून सांगत होतो, पांढरा माल बाहेर काढू नको." चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. मी त्या दुकानात होते तोवर काचेत पांढरी साडी पुन्हा लागली नाही.

मायलेकींना सोडायला मी खाली गेले. जिन्यात माझी तोफ सुरूच होती. त्या बाईला आडवंतिडवं बोलले, मालकांना बोलले, कल्याणला कुठल्या दुकानात मिळेल ते सांगितलं, उद्या मी स्वतः बरोबर येते म्हटलं.

"राहू दे गं बाई," आई म्हणाली. "उद्या घरात पाहुणे येणार. तीच ऑनलाइनवाली नेसेल, आतून जाड परकर घालून."

मी मुलीकडे बघितलं. खरं सांगायचं तर वाट बघत होते. वर सगळ्यांसमोर "आमच्यात" म्हणाले होते, अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं.

आई रिक्षा थांबवायला पुढे गेली. मुलगी रिकाम्या पुतळ्याशेजारी उभी होती.

"त्या बसल्या तेव्हा तुम्ही समोरच होतात ना?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. "मला आरशात दिसत होतं."

"होते," मी म्हटलं.

"मी ओरडणार होते. पण मग बघितलं, तुम्ही आहात." तिने ओढणी सारखी केली. "मला वाटलं, आपलं माणूस बसलंय तिथे."