रोवणीच्या बाया धरल्या का?

आमच्या साडभाऊंइतका 'सुमारे' या शब्दाचा शत्रू गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात बसून त्यांना ही सवय लागली, की या सवयीमुळेच त्यांना तिथे बसवलं, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीलाही ठाऊक नाही. लग्नघरी यजमान म्हणाले, "शे-दीडशे पाहुणे येऊन राहिले," की हे विचारणार, "मधले पन्नास नक्की, की वेटिंगवर?" पावसाळ्यात एखादा तलाठी फोनवर "पाणी बरंच चढलं, साहेब" म्हणाला, तर यांचं उत्तर ठरलेलं: "पुलाच्या कितव्या दगडाला लागलं ते पाहा, मग बोला." त्या एका दगडावरून तहसीलदारांना निरोप जातो, मुंबईच्या कक्षाला अहवाल जातो आणि बोट कुठे वळवायची ते ठरतं.

मीही आकड्यांचा माणूस, म्हणून आमचं जमतं. मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि माझ्या ताईचं नदीकाठचं घर पाण्याने वेढलं गेलं. मी साडभाऊंना फोन लावला.

"भाऊजी, ताई अडकली. तिथल्या मासेमारांचा डोंगा पाठवा."

"नातं राहू द्या. जण किती?"

"सात." रेशनकार्डावरचे सात, मला तोंडपाठ.

"रोवणीच्या बाया धरल्या का?"

धान लावायला बाहेरगावच्या बाया येतात, मालकाच्या वसरीत मुक्काम करतात. घरची माणसं मोजताना त्यांना कोणी धरत नाही. ताईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "पाच जणी हायेत. पण त्या रोवणीच्या गा, घरच्यायत कायले मोजू?"

म्हणजे बारा. डोंग्यात बारा मावत नाहीत. साडभाऊंनी डोंगा थांबवला आणि बचाव पथकाची मोठी बोट दुसऱ्या गावाहून वळवली. तिला पाऊण तास लागणार होता. ताईच्या ओट्यावर पाणी आलं होतं. मी चिडून म्हणालो, "डोंगा निघू द्या. सात तरी सुटतील."

"धार वाढून राहिली, दुसरी खेप होणार नाही. त्या पाच जणींना मागं राहा म्हणून तुम्ही सांगता का? बाराही जणांना माळ्यावर चढवा."

तेवढं ताईला सांगितलं आणि तिचा फोन बंद पडला. पुढे दर दहा मिनिटांनी साडभाऊ बोट कुठवर आली तेवढंच कळवत होते, धीराचा एक शब्द नाही. शेवटी म्हणाले, "बारा उतरले," आणि पुढच्या गावाचा फोन घेतला.

संध्याकाळी शाळेतल्या शिबिरात ते आले, दारातूनच पंगत मोजली आणि न जेवता गेले. त्या पाचांतल्या एकीने मला विचारलं, "कोण होता गा तो मानूस?"

"माझे साडभाऊ," मी म्हणालो. माझा आकडा सात होता, हे काही तिला सांगता आलं नाही.