पयले आयका, मंग आंगठा

"पयले आयका, मंग आंगठा."

हे म्हणताना तो स्टॅम्प पॅड उचलून सरळ आपल्या मांडीखाली सरकवायचा. समोरचा माणूस अंगठा पुढे करून बसलेला, साहेब जेवायला उठायची वेळ झालेली, आणि हा सावकाश चष्मा पुसून अर्ज पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीच्या आवारात लिंबाखाली आम्ही आठ-दहा जण बसायचो. बाकीचे अर्जनवीस आधी अंगठा घेत आणि मग सवडीने अर्ज लिहीत. पण याला कोण सांगणार?

माझं टायपिंगचं टेबल नेमकं त्याच्या चटईला लागून, हे माझं नशीब. अर्ज हिंदीत लिहायचा, तो वाचायचा, मग पुन्हा मराठीत समजावून सांगायचा. मध्येच एखादी म्हातारी म्हणे, "असं नाई सांगतलं मी." की याने कागद फाडलाच. मागे ताटकळलेली माणसं माझ्यावर डाफरायची, जणू मीच त्याचा मालक. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. काही वाईट करत नाहीत, पण त्यांच्या शेजारी बसलं की डोकं दुखायला लागतं.

आमच्यात पदवी झालेला तो एकटाच, म्हणून सगळे त्याला 'बी.ए.' म्हणत. दुपारी गर्दी ओसरली की बी.ए. गोष्टी लिहायचा. अर्ज घेऊन येणाऱ्या माणसांच्याच गोष्टी. बरं, लिहून गप्प बसेल तर तो बी.ए. कसला? त्या माणसाला बोलावून गोष्ट वाचून दाखवायची आणि खाली अंगठा घ्यायचा.

"अबे, हा काय अर्ज आहे का?" मी एकदा ओरडलो. "गोष्ट आहे ना ती? गोष्टीत काहीही लिहिता येतं."

"गोस्ट हाय भाऊ," तो म्हणाला, "पन त्याची हाय ना."

जबलपूरच्या कुणा प्राध्यापकाने त्याच्या डोक्यात घातलं की, अमेरिकेत एका विद्यापीठात गोष्टी लिहायला शिकवतात, दोन वर्षं, आणि त्याची पदवीही देतात. शेती शिकायला, डॉक्टरकी शिकायला माणूस परदेशी जातो हे आम्हाला ठाऊक होतं. गोष्टी लिहायला? लिंबाखाली आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याने मात्र तीन गोष्टी स्वतः इंग्रजीत उतरवल्या आणि टायपिंगला माझ्याकडे दिल्या. एकेक गोष्ट मी चार वेळा टाइप केली, कारण कुणाला आपल्या बैलाचा रंग चुकलेला वाटे, कुणाला आपला भाऊ. शेवटच्या तारखेला पोस्ट बंद होताना पाकीट गेलं. आणि लोकहो, त्याला शिष्यवृत्तीसकट बोलावणं आलं!

जाण्यापूर्वी कागदपत्रांच्या धावपळीत तो तापाने पडला. आठवडाभर त्याची चटई मी सांभाळली. त्या आठवड्याचं पुढे सांगावं लागेल, पण आत्ता नको.

गोंदियाच्या गाडीत बसताना त्याने खिशातून स्टॅम्प पॅड काढून माझ्या हातावर ठेवलं. "आता आयकवाचं काम तुह्यावर, भाऊ."

मला वाटलं, गंमत करतोय.

दोन महिन्यांनी पहिलं जाड पाकीट आलं. आत मराठीत एक गोष्ट आणि त्याचं पत्र. पत्रातही अर्जाची भाषा सुटली नव्हती. "इथे बारा जण गोल टेबलाभोवती बसतात. ज्याची गोष्ट चर्चेला असेल त्याने तोंड उघडायचे नाही, असा नियम आहे. बाकीचे अकरा जण सांगतात, हे काढा, हे वाढवा. ज्या बाईची गोष्ट आहे तिला कोणीच विचारत नाही. मी विचारले, तर सगळे हसले. सबब विनंती की, सोबतची गोष्ट रामपायलीहून अर्जाला येणाऱ्या आजीला वाचून दाखवावी व तिचे म्हणणे कळवावे."

घ्या! रविवारची माझी सुट्टी, आणि मी बसमध्ये उभा, काखेत अमेरिकेचं पाकीट. आजी धान पाखडत होती. हात न थांबवता तिने सगळी गोष्ट ऐकली. गोष्टीत नवरा गेल्याचं कळताच ती ओसरीवर बसून रडते.

"मी नाई रडली," आजी म्हणाली. "तवा घरी सात जन जेवाचे होते. सैपाक केला मी."

मी तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, की वर्गाला तेवढं रडणंच आवडलं होतं आणि प्राध्यापकांनी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, पण आता ते काढलं आहे. त्या दिवशी मी चार पत्रं टाइप केली आणि चारही चुकवली, इतका संताप आला होता. सातासमुद्रापलीकडची शाबासकी हा माणूस एका आजीच्या शब्दावर पुसून टाकतो!

पदवीसाठी नऊ गोष्टींचं बाड द्यायचं होतं. आठ गोष्टींसाठी मी दोन वर्षं लांजी, रामपायली आणि मधली सगळी खेडी पायाखाली घातली. शिव्या देत घातली, हे कबूल करतो.

मग नववी गोष्ट आली. ती माझी होती.

आता त्या आठवड्याचं सांगतो. तो तापात असताना लांजीकडचा एक माणूस आला होता. मुलगी सातवी पास झाली होती, तिला बालाघाटच्या मुलींच्या वसतिगृहात घालायचं होतं. शेवटचा दिवस. माझ्यापुढे छापील अर्जांचा गठ्ठा होता, वरचा कागद मुलांच्या वसतिगृहाचा. मुलींचा अर्ज तोवर माझ्याकडे कुणी मागितलाच नव्हता. मी सवयीने वरचा कागद ओढला, त्याचा अंगठा घेतला आणि त्याला वाटेला लावून मग भरला. वाचून दाखवला असता, तर त्याने तिथेच हात धरला असता. अर्ज परत आला तेव्हा तारीख टळली होती. बाप विचारायला आला, तेव्हा मी सांगितलं, "जागा भरल्या." परत आलेला तो कागद बी.ए.ने माझ्या टेबलावर पाहिला होता. माझं ते उत्तरही त्याने शेजारच्या चटईवरून ऐकलं होतं.

गोष्टीत हे सगळं होतं. पण शेवट वेगळा होता. गोष्टीतला टायपिस्ट एका रविवारी त्या माणसाच्या घरी जातो, खरं काय ते सांगतो, आणि तो माणूस त्याला पाणी देतो.

मी कधीच गेलो नव्हतो. पत्रात लिहिलं होतं, "अंगठे दोन हवेत. तुमचा आणि त्यांचा. बाड वसंतात द्यायचे आहे."

मी ते पाकीट खणात टाकलं. बरोबर आहे म्हणून अंगठा लावावा, तर ते खोटं. खोटं आहे म्हणून कळवावं, तर माझं तोंड काळं. पत्रं येत राहिली. "ऐकले का?" मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, वैतागून विद्यापीठाला देईल तशीच. कोणीही दिली असती! विद्यापीठाने त्याला एकदा मुदत वाढवून दिली, तेही त्याने कळवलं. मग पत्रं थांबली.

वर्षभराने मी लांजीची बस पकडली. का, ते नीट सांगता येणार नाही. खण उघडला की ते पाकीट दिसायचं, एवढं खरं.

घर सापडलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, ओसरीत बाप बसलेला, आणि मुलगी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. सोळा-सतरा वर्षांची झाली होती. मी बसलो आणि गोष्ट वाचायला लागलो. आपलंच पाप मोठ्याने, दुसऱ्याच्या अक्षरात वाचायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तिचे हात कधी थांबले, मी पाहिलं नाही. संपलं तेव्हा थांबलेले होते.

"मले वाटे," ती म्हणाली, "माहे मार्क कमी पडले म्हून नाई घेतलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"बाबू," तो म्हणाला, "यात लिवलं का मी तुले पानी देलं."

"हौ."

"अजून त देलं नाई."

त्याने मुलीकडे पाहिलं. ती उठली, आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. मी पाणी प्यालो. मग त्याने हात पुढे केला, "आन तुहा पॅड."

दोन अंगठे उमटले. येताना बसमध्ये मला उमगलं, की बी.ए.ने गोष्ट लिहिलीच नव्हती. त्याने माझा अर्ज लिहून दिला होता, आणि मी तो वर्षाहून जास्त खणात ठेवला होता.

पाकीट अमेरिकेला पाठवलं. चार महिन्यांनी ते जसंच्या तसं परत आलं, वर शिक्का, की या पत्त्यावर असा कोणी राहत नाही. मी विद्यापीठाला लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: बाड न देता ते निघून गेले, पुढचा पत्ता नाही. बालाघाटला तो आला नाही. कुणी म्हणतं तिकडेच गोदामात नोकरीला लागला, कुणी आणखी काही.

आठ गोष्टी तयार होत्या, नववी माझ्या अंगठ्यावाचून द्यायची होती ना! इतका हट्ट? अजूनही मी त्याच्या रिकाम्या जागेकडे बघून हे म्हणतो, आणि बाकीचे अर्जनवीस हसतात. स्टॅम्प पॅड आता माझ्या मांडीखाली असतं. लोक डाफरतात, डाफरू देत.

पाकीट मी फोडलेलं नाही. बी.ए., मी ऐकलं रे. अंगठाही लावला. तुला वाचून दाखवायचं तेवढं राहिलं.