मुका सेट

माझं आयुष्य सोल्डरिंगच्या धुरात गेलं. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी सरळ उठून जायचो, सासुरवाडीतसुद्धा! या सदरातले अनुभव वाचूनही माझं डोकंच फिरतं. तरी लिहितोय... कारण एका चांगल्या पोराचं वाटोळं झालं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं.

१९८१चा पावसाळा. नागपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी वायरलेस सेट दुरुस्त करायचो, राहायला प्रताप नगरला. सावनेरकडच्या एका कोळसा ठेकेदाराच्या गाड्या खाप्याजवळ कन्हान नदीच्या रपट्यावरून जात. रपटा म्हणजे ठेंगणा पूल, जरा पाऊस झाला की पाण्याखाली. म्हणून दोन्ही काठांवर एकेक चौकी आणि एकेक सेट. अलीकडे सुपरवायझर उत्तमराव, पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ रमेश. पाणी किती आहे ते रमेशने सांगायचं, मगच गाडी सोडायची. दोघांचं घरही पलीकडेच.

तेव्हा आजच्यासारखं बटणं दाबून चॅनेल भरता येत नसत. एका चॅनेलला दोन क्रिस्टल – एक ऐकायचा, एक बोलायचा. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी. बोलायचा काढला की सेट मुका. विषय संपला!

रमेशचा आवाज फाटतो अशी तक्रार होती. सकाळी पलीकडे जाऊन मी मॉड्युलेशनचा, म्हणजे आवाजाच्या जोराचा, स्क्रू फिरवून पाहिला. काही फरक नाही. म्हणजे फ्रिक्वेन्सीच सरकलेली. ती मोजायचं यंत्र अलीकडच्या चौकीत, कारण वीज तिथेच. मी बोलायचा क्रिस्टल काढून शर्टाच्या खिशात टाकला.

“रमेश, आता तुला नुसतं ऐकू येईल. बोलता येणार नाही.”

“म्हणजे दादा शिव्या देऊन राहीन अन् मी मुकाट ऐकू? चांगलं हाय साहेब तुमचं!” तो हसत म्हणाला.

मी अलीकडे आलो आणि वर कुठेतरी धो-धो पाऊस झाला असणार. बघता बघता रपटा पाण्याखाली गेला. दुपार झाली. उत्तमराव भुकेने कावले होते. मी क्रिस्टल यंत्राला लावत होतो, तेवढ्यात टेबलावरचा सेट बोलला.

“दादा, पाणी उतरलं गा. टाचभर हाय. या जेवाले.”

रमेशचा आवाज. फाटका नाही... स्वच्छ, जणू शेजारी बसून बोलतोय. मी हाताकडे पाहिलं. क्रिस्टल माझ्या बोटांत होता!

“उत्तमराव, थांबा! तो सेट बोलूच शकत नाही!”

“बोलून तर राहिला! माह्या भावाचा आवाज मले समजत नाही का?” त्यांनी जीपची चावी उचलली. “तुम्ही बसा तुमचे स्क्रू पिळत.”

मी त्यांच्यामागे बाहेर धावलो. जीप निघालीसुद्धा. आणि मागे, रिकाम्या चौकीत सेट पुन्हा बोलला –

“निघाला का?”

आवाज तोच. पण त्यात हसू होतं.

मी पळत वळणापलीकडे गेल्यावर नदी दिसली. गढूळ पाणी, खोली कळायची सोय नाही. समोरच्या काठावर, चौकीपासून बराच दूर, रमेश दोन्ही हात हलवत ओरडत होता. येऊ नका म्हणून! उत्तमरावांना मात्र तो बोलावतोय असंच वाटलं असणार. मधोमध जीप फिरली, आडवी झाली, आणि दिसेनाशी झाली. रमेश ओरडतच राहिला.

प्रेत सापडल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सेटवर नेमकं काय ऐकू आलं ते मीच पोलिसांना सांगितलं होतं आणि ते गावभर झालं होतं. रमेश दाराबाहेर बसला होता. उत्तमरावांच्या बायकोला, कुसुमवहिनींना, मी सगळं समजावलं. क्रिस्टल दाखवला. रमेश काठावर होता, मी स्वतः पाहिलं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“भाऊ, मले तुमची मशीन समजत नाही. एकच सांगा. आवाज याचाच होता का?”

खोटं बोलायला हवं होतं का? आजही कळत नाही.

“होता,” मी म्हणालो.

“मंग झालं,” त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. रमेश बाहेरच राहिला. पुढे त्या दारातून त्याला कुणी आत घेतलं नाही.

त्या पट्ट्यात तिसरा सेट नव्हता. सर्किट मला पाठ आहे, शंभरदा डोक्यात फिरवलं. बसत नाही. कुठेच बसत नाही!

वर्षभराने रमेश वर्कशॉपात आला. दाढी वाढलेली, नजर जमिनीला खिळलेली. चहा मागवला तर घेतला नाही.

“साहेब, खरं सांगा... मीच तर बोललो नसन ना?”

“वेडा आहेस का?” म्हणायला मी तोंड उघडलं. कुसुमवहिनींना मीच दिलेलं ‘होता’ आठवलं, आणि मी पुन्हा समोरच्या सेटवर वाकलो. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला.