जहाजात पोती कुठं ठेवतात?

परवा सातवीच्या मुलांना घेऊन सांगलीहून मुंबईला गेले होते, जहाजांच्या इतिहासाचं म्युझियम बघायला. सोबत माझ्या वडिलांना, अब्बांनाही नेलं... आमचे एक सर ऐनवेळी आजारी पडले, बसमध्ये सीट रिकामी राहिली आणि हेडसर म्हणाले, "मॅडम, न्या की अब्बांना. त्यांना जहाज बघायचंय, हे किती वर्षं तुमच्याकडून ऐकतोय!"

किती वर्षं म्हणजे... मला कळायला लागलं तेव्हापासून. अब्बा पत्र्याचं काम करायचे. डबे, चाळण्या, नरसाळी आणि हळदीच्या व्यापाऱ्यांसाठी मार्के.

मार्का म्हणजे पत्र्यात कोरलेली छाप. छिन्नीने चित्र आणि अक्षरं आरपार कोरायची, तो पत्रा पोत्यावर धरायचा, वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा... झालं. आता छापीलच पोती येतात, ते काम कधीच बंद पडलं.

अब्बांचा सगळ्यात लाडका मार्का मोराचा. खाली व्यापाऱ्याचं नाव असायचं, पण ते त्यांनी कधी वाचलं नाही. अब्बा शाळेची पायरी चढलेच नव्हते... व्यापारी कागदावर लिहून द्यायचा आणि हे बघून बघून तसंच कोरायचे. मोर मात्र त्यांच्या मनातला. पिसारा मोठा काढायचे, लांबून दिसला पाहिजे म्हणून.

पोतं कुठं जाणार, असं मी लहानपणी विचारलं की म्हणायचे, दर्यापार. आणि मग त्यांना स्वतःलाच प्रश्न पडायचा, जहाजात आपली पोती ठेवत असतील कुठं? मार्केट यार्डातून पोत्यांची थप्पी लावून निघालेला ट्रक हेच त्यांच्या डोक्यातलं जहाज. वर पोती रचलेली, दोरीने आवळलेली, आणि मोराचं तोंड बाहेर... सगळा दर्या बघतोय!

मी दर वर्षी म्हणायचे, मे महिन्यात जाऊ अब्बा, तुम्हाला जहाज दाखवते. असे किती मे महिने गेले. माझं बीएड, माझं लग्न, मुलं, अम्मीचं आजारपण... अम्मी गेल्यावर तर त्यांनी विचारणंच बंद केलं. ते मला जास्त लागायचं.

म्युझियममध्ये शाळांसाठी छान कार्यक्रम असतो. गाईड मॅडम वयाने लहान, पण बोलायला गोड. तोफा दाखवल्या, शिडं दाखवली, होकायंत्र मुलांच्या हातात दिलं. कप्तान कोण, सुकाणू कोण धरतं, सगळं मुलांकडून वदवून घेतलं... अब्बा आपले मागच्या रांगेत, हाताची घडी घालून, पोरांसारखेच शहाण्यासारखे उभे.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय? हात वर करा."

अब्बांनी हात वर केला.

मुलं फिदीफिदी हसली. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर लाजल्यासारखं झालं... मग माझाच राग आला.

"आवं मॅडम, ह्यात पोती कुठं ठिवत्यात?"

मॅडमनी त्यांना मधोमध कापून दाखवलेल्या जहाजापाशी नेलं. अगदी तळाशी, पाण्याच्या पातळीखालच्या कोठारावर बोट ठेवलं. म्हणाल्या, इथे, आणि वरून झाकण बंद.

"म्हंजे अंधारात?"

"हो काका. पूर्ण अंधार."

अब्बांनी वाकून त्या कोठारात डोकावून पाहिलं. मला वाटलं, कशाला आणलं मी यांना? घरी यांच्या मनात तो मोर निदान दर्या बघत तरी होता!

मग त्यांनी डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मोराचा पत्रा! निघताना पिशवीत कधी घातला, मला पत्ताच नव्हता.

"मग ह्यो कुणाला दिसला आसंल?"

मॅडमनी तो हातात घेऊन खिडकीपाशी उन्हात धरला. फरशीवर मोर उमटला, अख्खा, पिसाऱ्यासकट. सगळी पोरं त्याच्याभोवती गोळा झाली.

मॅडम म्हणाल्या, "काका, समुद्रात कुणालाच दिसायचा नाही. पण पलीकडच्या बंदरात झाकण उघडलं की हमाल आधी हाच शोधायचे. त्यांना आपली अक्षरं कुठून वाचता येणार? कितीजणांना तर कुठलीच येत नसत. चित्र बघून पोती वेगळी लावायचे. मोराची मोराकडे."

अब्बांनी विचारलं,

"म्हंजे त्या हमालालाबी वाचाय येत न्हवतं?"

"नसणार, काका."

अब्बा हसले. अम्मी गेल्यापासून असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं... पत्रा पुन्हा कागदात नीट गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मॅडम म्हणाल्या, आम्हाला द्याल का? तर नको म्हणाले.

बाहेर आल्यावर मुलांना समोरच्या कट्ट्यावर डबे खायला बसवलं. अब्बा कठड्याला धरून समुद्राकडे तोंड करून उभे होते. मी चपाती घेऊन गेले तरी वळले नाहीत. मी मनात माफीची जुळवाजुळव करत होते... एवढ्या उशिरा आणलं म्हणून.

तेवढ्यात तेच म्हणाले, "आता त्यो हमालबी म्हातारा झाला आसंल, न्हाई?"

आम्ही दोघांनी तिथेच उभं राहून चपाती खाल्ली.

ज्याला माझ्या अब्बांचा मोर ओळखू यायचा, तो माणूस कुठल्या बंदरात असेल, असेल की नसेल, मला ठाऊक नाही... पण जिथे असेल तिथे त्याला सांगलीहून आम्हा बापलेकीचा सलाम.